मधोमध ओला राहणारा फ्रेंच टोस्ट: माझा अनुभव

ओव्हनमध्ये थर लावून भाजायचा फ्रेंच टोस्ट आमच्याकडे नाश्त्याला उन्हाळ्यात उत्तम जमत असे. पावसाळा लागला की मात्र तो वरून खरपूस आणि मधोमध गिळगिळीत राहू लागला. कारण पावात होते. नागपूरच्या मे महिन्यात उघडे ठेवलेले काप दोन-तीन तासांत कडकडीत होतात, पण जुलैच्या दमट हवेत ते रात्रभर ठेवूनही नुसते शिळे होतात, आणि शिळ्या पावातले पाणी बरेचसे आतच असल्यामुळे त्यात दूध-अंड्यांचे मिश्रण पुरते मुरत नाही. म्हणून आता मी जाड काप १५० अंश सेल्सिअसवर १० मिनिटे, मध्ये एकदा उलटून, सुकवून घेते. आठ कापांना चार अंडी आणि ४०० मिलिलिटर दूध पुरते. त्यात आपल्या संत्र्याची साल अवश्य किसावी. फक्त आतला पांढरा भाग येऊ देऊ नये, तो कडवट लागतो. भांड्यात कापांचे थर लावून वर हे मिश्रण ओतावे आणि भांडे रात्रभर फ्रिजमध्येच ठेवावे. सकाळी १८० अंशांवर आधी फॉइलने झाकून २५ मिनिटे आणि मग उघडे १५ मिनिटे भाजले, की मधला भाग शिजेपर्यंत वरचा करपत नाही. मध्यभागी खुपसलेली सुरी स्वच्छ निघाली, की पाच मिनिटे थांबून वाढावे.