मोबाइलवर ब्लॉग लिहिताय? आधी ब्राउझर बदला

गाडीत बसून फोनवरच ब्लॉग लिहिणाऱ्यांना माझा पहिला आग्रह असतो: अँड्रॉइडवर फायरफॉक्स घ्या आणि त्यात 'यूब्लॉक ओरिजिन' हे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं पूरक साधन, टाका. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेंशनची सोय नाही, फायरफॉक्समध्ये आहे. जाहिराती आणि मागावर असणारे ट्रॅकर फोनवर उतरण्याआधीच अडवले जातात, 'डाउनलोड' लिहिलेली फसवी बटणं बरीचशी दिसतच नाहीत, आणि कोकण रेल्वेवर मिळेल तेवढ्या तुटपुंज्या नेटवरही पान लवकर उघडतं. सेटिंगमध्ये 'एचटीटीपीएस-ओन्ली मोड'ही सुरू करा. स्टेशनच्या किंवा लॉजच्या फुकट वायफायवर त्याचा खरा उपयोग होतो, कारण साइटची जोडणी सुरक्षित नसेल तर ब्राउझर पुढे जाण्याआधी थांबवून विचारतो.

मजकूर मात्र ब्राउझरच्या चौकटीत थेट टाइप करू नका. कोकण रेल्वेवरचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. तेवढ्यात रेंज गेली, पान परत लोड झालं, की लिहिलेलं गेलंच म्हणून समजा. माझे दोन लेख असेच गेले, अजून हळहळ वाटते. 'मार्कोर' हे मोफत ॲप नेटशिवाय चालतं आणि साध्या फाइलमध्ये फोनवरच मजकूर साठवतं. तिथे लिहा, रेंज आली की कॉपी करून चिकटवा.

फोटोंचंही बघा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवा, नाहीतर अंगणातल्या जास्वंदीच्या फोटोबरोबर घराचे अक्षांश-रेखांशही जाऊ शकतात. टू-स्टेप लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं) लावलं असेल तर त्याचे बॅकअप कोड प्रवासाला निघण्यापूर्वी कागदावर उतरवून पिशवीत ठेवा, फोनपासून वेगळे.