रातीं दार कोण धांपता? वर्गात प्रश्न विचारताना या चुका टाळा

चौथीचा वर्ग, परिसर अभ्यासाचा तास, विषय खाजन शेती, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीत बांध घालून केलेली शेती. शाळा गोव्यात, तिसवाडी तालुक्यातली, खिडकीतून बांध दिसायचा, त्यामुळे आज आपला तास रंगणार याची मला खात्री होती. ‘खाजन म्हणजे काय?’ सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. ‘बांधाला मानस कशासाठी असते?’ (मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार.) पुन्हा तोच सूर: ‘भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून!’ टाचण वहीत ‘विचारप्रवर्तक प्रश्न’ असा रकाना असतो, तिथे मी मनातल्या मनात टिक करून टाकली. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून कोंकणीत आवाज आला, ‘टीचर, रातीं दार कोण धांपता?’ म्हणजे, रात्री हे दार कोण लावतं?

वर्ग हसला. ‘मागीर हां’, नंतर बघू, म्हणून मी पुढच्या प्रश्नाकडे वळले. ते मागीर काही आलंच नाही.

घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं की त्या चाळीस मिनिटांत डोकं चालवलं होतं ते त्या एका मुलानेच. भरती दिवसातून दोनदा येते, आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. म्हणजे कधी दुपारी, कधी ऐन मध्यरात्री. मग दार लावायला कोणी जागत बसतं का? कोणी बसत नाही. भरतीचं पाणी बाहेरून फळ्यांवर रेटतं आणि फळ्या मिटतात. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की आतलं पाणी त्याच फळ्या बाहेर ढकलून वाट काढतं. दार पाणीच लावतं आणि पाणीच उघडतं. हे सगळं त्या मुलाच्या प्रश्नात दडलेलं होतं आणि मी ते झाकून ठेवलं.

गेली काही वर्षं मी नव्या शिक्षकांचे पाठ पाहते. त्यांत ज्या चुका दिसतात, त्यांतली एकही मी स्वतः केलेली नाही असं नाही.

‘का’ आला की प्रश्न वरचा झाला, असं धरणं

माझा दुसरा प्रश्न ‘कशासाठी’चा होता, तरी विचाराच्या दृष्टीने तो पहिल्याइतकाच खालच्या पायरीचा होता. उत्तर आदल्या दिवशी फळ्यावर लिहून दिलं होतं, मुलांनी ते वहीत उतरवलं होतं. ‘भारत 1947 मध्ये स्वतंत्र झाला, मग गोवा 19 डिसेंबर 1961 पर्यंत का थांबला?’ हा प्रश्न ऐकायला केवढा भारदस्त! पण पाठाखाली कारणं क्रमांक घालून दिली असतील, तर मूल फक्त पाठांतराची परीक्षा देतं. हाच प्रश्न थोडा हलवून बघा: ‘यातलं कुठलं कारण नसतं तर मुक्ती लवकर आली असती असं तुला वाटतं?’ आता यादी पाठ असूनही भागत नाही, यादीतल्या गोष्टी एकमेकींशी तोलाव्या लागतात.

म्हणून मी प्रश्नाचा पहिला शब्द बघणं सोडून दिलं. उत्तर या क्षणी कुठे आहे ते बघते. वहीत असेल तर प्रश्न स्मरणाचा. मुलाला ते आता, इथे, जुळवावं लागणार असेल तर पायरी वर गेली. एकच प्रश्न पहिल्या दिवशी विश्लेषणाचा आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठांतराचा असू शकतो.

याच चुकीचं एक लाडकं भावंड आहे. उदाहरण ओळखीचं घेतलं की विचार आपोआप खोल होतो, असा समज. ‘चवथीच्या माटोळीला 15 नारळ लागले, एक नारळ 40 रुपयांना, तर किती रुपये?’ यात माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळांची चौकट, आहे, पण काम गुणाकाराचंच आहे. ‘हातात 600 रुपयेच आहेत, नारळ, सुपारी, तोरिंग सगळं हवं, तर काय कमी कराल आणि आजीला ते कसं पटवाल?’ इथे गणित आणि निर्णय दोन्ही आले.

भिंतीवरच्या तक्त्यातून क्रियापदं उचलणं

स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती हा विचाराच्या पायऱ्यांचा क्रम डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) केलेल्या प्रत्येकाला झोपेतही येतो. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वर्गवारीचं पहिलं रूप 1956 मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर होते परीक्षक. एका परीक्षेतला प्रश्न दुसऱ्या परीक्षेतल्या प्रश्नाशी ताडून बघता यावा, हा हेतू. 2001 मध्ये लोरिन अँडरसन आणि डेव्हिड क्रॅथवोल यांनी ती सुधारली. नामांच्या जागी क्रियापदं आली, मूल्यमापन शिखरावरून एक पायरी खाली उतरलं आणि निर्मिती वर जाऊन बसली.

तिथून आपल्याकडे तक्ते आले आणि तक्त्यांतून ‘विश्लेषण करा’, ‘समीक्षा करा’, ‘तयार करा’ हे शब्द उचलून टाचणात चिकटवायची सवय. एका पाठात मी ‘निर्मिती’खाली लिहिलेलं वाचलं: ‘मानशीचं चित्र काढा.’ मुलांनी पुस्तकातलं चित्र बघून काढलं, रंगवलं. छान झाली होती चित्रं. निर्मिती मात्र छापणाऱ्याची. त्याऐवजी ‘आपल्या बांधाला आणखी एक मानस बसवायची तर कुठे बसवाल, आणि तिथेच का?’ असं विचारलं असतं तर मुलांना बांधावर फिरून यावं लागलं असतं, निदान मनातल्या मनात तरी.

सहाही पायऱ्या एका तासात चढायचा हट्ट

वर्गवारी म्हणजे जिना नव्हे. तरीही आधी चार स्मरणाचे, मग तीन आकलनाचे, असं करत शेवटच्या पाच मिनिटांत ‘आता मूल्यमापनाचा एक’ म्हणून घंटेच्या आधी घाईने टाकलेला प्रश्न मी कितीतरी पाठांत ऐकलाय. घंटा वाजते, प्रश्न हवेत राहतो.

यातली वाईट गोष्ट वेगळीच आहे. जिना मानला की ‘कच्ची’ मुलं कायम पहिल्या पायरीवर बसवली जातात. त्यांना व्याख्या विचारायच्या आणि ‘तुला काय वाटतं’ हे पहिल्या बाकांसाठी राखून ठेवायचं. रातीं दार कोण धांपता विचारणाऱ्या मुलाला मी व्याख्याच विचारत आले होते, आणि त्या त्याला येत नव्हत्या.

उलटी चूकही होते, विशेषतः नव्या उत्साहात. पाया न घालताच मत विचारायचं. मानशीपाशी मासे धरायचा हक्क लिलावात दिला जातो. दार जास्त वेळ उघडं ठेवलं तर मासळी जास्त मिळते, पण खारं पाणी शेतात शिरतं, जमीन खारवते, पडीक राहिली की खारफुटी वाढते. यावर ‘लिलाव घेणाऱ्याचं बरोबर की शेतकऱ्याचं?’ हा पहिल्या प्रतीचा प्रश्न आहे. मात्र दार कुठल्या बाजूला उघडतं हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यात हा वाद फक्त आवाजाचा होतो. मी एकदा तो तसाच होऊ दिला. कोणाचे आजोबा लिलाव घेत आणि कोणाचं शेत आत होतं, एवढंच त्या दिवशी वर्गाला कळलं. (गावाला ते आधीपासून माहीत होतं.)

प्रश्न विचारून स्वतःच उत्तराची घाई करणं

मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं: प्रश्न संपल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतो. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि मुलं स्वतः प्रश्न विचारू लागतात. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली, ती मला जास्त टोचली: शिक्षक ज्यांना हुशार समजतो, त्यांच्यासाठी जास्त वेळ थांबतो.

वरच्या पायरीचा प्रश्न आणि एका सेकंदाची वाट, यात प्रश्नच हरतो. शांतता सहन होत नाही म्हणून आपण प्रश्न फिरवून विचारतो, मग सोपा करतो, मग अर्धं उत्तर देतो: ‘म्हणजे पाण्याचा काय असतो? दा… दा…’ आणि वर्ग ओरडतो, ‘दाब!’ सुरुवात विश्लेषणाने झाली होती, शेवट गाळलेली जागा भरण्यात.

मी एक साधा उपाय करते. प्रश्न विचारला की तोंड मिटून खिडकीपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. उत्तर आल्यावरही लगेच ‘शाब्बास’ म्हणायचं नाही, कारण शाब्बास म्हटलं की बाकीच्यांचं डोकं बंद होतं. ‘आणखी सांग’ किंवा ‘हे तुला कशावरून वाटलं?’ एवढं पुरतं. पहिले दोन आठवडे अवघड जातं. मुलं एकमेकांकडे बघतात, टीचरला काय झालंय म्हणून.

शब्दात अडकलेल्या मुलाला विचारात अडकलेलं समजणं

ही चूक आपल्या गोव्यातल्या मराठी शाळांत सगळ्यात जास्त होते, आणि तिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. बहुतेक मुलांच्या घरी कोंकणी, वर्गात पुस्तकी मराठी. ‘ओहोटीच्या वेळी मानशीच्या दाराचं काय होत असेल?’ असा प्रश्न एका पाठात विचारला गेला. वर्ग गप्प. टीचर माझ्याकडे बघायला लागल्या: मुलांना उपयोजन जमत नाही. मी फक्त ‘सुकती’ म्हटलं. सात हात वर. पोरं खाडीकाठी वाढलेली, सुकतीला चिखलात तिसऱ्यो वेचलेली. ‘ओहोटी’ त्यांनी फक्त पुस्तकात पाहिली होती.

तसंच उत्तराचं. मूल कोंकणीत सांगायला लागलं की आपण मध्येच थांबवतो, ‘मराठीत सांग.’ ते शुद्ध मराठी शोधायला जातं आणि विचाराचा धागा सुटतो. मी आता दोन वेळा सांगू देते: आधी जसं येईल तसं, मग तेच मराठीत, हवं तर शेजारच्याच्या मदतीने. दुसऱ्या वेळी वाक्य आखूड होतं, पण विचार शाबूत असतो. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही, मराठीचं नुकसान होईल म्हणतात. मला उलट अनुभव आला. सांगण्यासारखं काही असलं की मुलं शब्द मागून घेतात.

वर्ग तरीही गप्प असेल तर

आधी स्वतःला विचारा, हा प्रश्न एकाच दमात तीन प्रश्न होऊन गेला का? ‘बांध फुटला तर काय होईल, कोणाचं नुकसान होईल आणि तो कसा बांधायचा?’ मुलाने कुठलं टोक धरायचं? पहिलंच ठेवा.

सामूहिक होकार येत असेल, ‘समजलं?’ ‘होय टीचर!’, तर ‘समजलं?’ विचारणंच सोडा. पाटीवर नाहीतर चिठ्ठीवर प्रत्येकाला एक ओळ लिहू द्या, मग चार जणांना वाचायला सांगा. एकच मुलगी सतत हात वर करत असेल तर तिला गप्प करू नका; दोन मिनिटं शेजारच्याशी बोलायला लावा आणि शेजाऱ्याने काय म्हटलं ते तिला सांगायला लावा.

भलतंच उत्तर आलं तर? ते बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी प्रश्नाचं बरोबर उत्तर असतं. ‘दार मासे लावतात,’ असं एकाने सांगितलं होतं. त्याने मानशीपाशी जाळं लावलेलं पाहिलं होतं, तिथूनच तो आला होता.

आणि घटक चाचणीत जर पाचही प्रश्न ‘व्याख्या लिहा’चे असतील, तर वर्गातले वरच्या पायरीचे प्रश्न मुलं फार दिवस मनावर घेत नाहीत. पालकही नाहीत. पाचातला एक बदलला तरी निरोप पोचतो.

पुढच्या वर्षी तोच पाठ आला तेव्हा मी खाजनाची व्याख्या आधी सांगितलीच नाही. फळ्यावर लिहिलं, ‘रातीं दार कोण धांपता?’ आणि खडू खाली ठेवला. पाणी, वारा, बांधावरचा माणूस, गावचा राखणदार देवचार, सगळी नावं आली. दोघांनी पुठ्ठ्याची फळी आणि प्लास्टिकचा डबा घेऊन बाहेरच्या नळाखाली पाहिलं, वर्गभर पाणी झालं. फळी मिटते हे दिसल्यावर माझ्या मते पाठ संपला होता. तेव्हा पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘आनी दारांत लाकूड अडकलें जाल्यार?’ आणि दारात लाकूड अडकलं तर?

मी तोंड मिटलं आणि खिडकीकडे चालू लागले.