तुमच्या नायकाला जामीन कोण राहील?

नोकरीभर मी पतपेढीत कर्जाचे अर्ज तपासले. अमळनेरला 2024 च्या फेब्रुवारीत 97 वं साहित्य संमेलन झालं, आणि तेव्हापासून ओळखीची पोरं मला कथाही तपासायला देऊ लागली. त्यांत एक बाप हमखास असतो. रात्रंदिवस राबतो, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, कोणाला उलटून बोलत नाही आणि शेवटच्या पानावर मरतो. वाचणाऱ्याला मात्र त्याचं काही वाटत नाही, कारण तो जिवंत कधी नव्हताच.

अशा पात्राचा कर्जाचा अर्ज भरून बघा. कारणाच्या रकान्यात तो काय लिहील आणि पैसा खरा कुठे जाईल? 'विहिरीवर मोटार' लिहून पोरीच्या लग्नाचा मांडव घालणारे मी खूप पाहिले. त्यांना मी कधी चोर म्हटलं नाही. पण वसुलीचा माणूस शेतात आला की हाच बाप भावाची मोटार आपली म्हणून दाखवतो, आणि भाऊ बाजूला उभा राहून गप्प बसतो. तुमची कथा तिथून सुरू करा.

मग जामीनदाराचं बघा. गावात त्याच्यासाठी सही कोण करेल? 'घरी विचारून सांगतो' म्हणत कोण टाळेल? सख्खा भाऊच टाळत असेल तर का? हे तुम्हाला ठाऊक पाहिजे, कथेत लिहिलं नाही तरी चालेल.

माणसात आणायचं म्हणून देवमाणसाला दारू पाजू नका. पोरं हा सोपा रस्ता फार लवकर धरतात. खोट त्याच्या चांगुलपणाला चिकटलेली हवी. वेचणीच्या बायांची मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी रुपया न रुपया चुकती करणारा शेतकरी घ्या. कापूस विकायला न्यायच्या आधी तोच रात्री गाडीतल्या कापसावर पाणी शिंपडतो. 'व्यापारी काट्यात मारतो, मी पाण्यात काढतो,' एवढा त्याचा हिशेब. त्याला झोप नीट लागते. पश्चात्ताप लिहायची घाई करू नका.

सोशिक आईचं तर विचारूच नका. सगळ्यांचं झाल्यावर ती उरलंसुरलं खाते, आणि लेखक डोळे पुसतो. त्यापेक्षा तिला भरीत करताना बघा. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचली, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे घातले. आता ताटात वाढताना तेल कोणाच्या भरतावर जास्त सुटतं? सुरतेहून पैसे पाठवणारा धाकटा घरी आला असेल तर त्याच्या. थोरला शेती बघतो, रोज समोर दिसतो, म्हणून त्याला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी कालची. आई वाईट नाही. पण थोरल्याच्या बायकोने ते ताट पाहिलंय.

आदर्श शिक्षक लिहायचाच असेल तर त्याच्या चांगुलपणाचा लोकांना त्रास होऊ द्या. साने गुरुजी अमळनेरला शिकवत होते, म्हणून आमच्याकडे प्रत्येकाला तसा मास्तर लिहावासा वाटतो. पण 1947 मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा विरोध करणारेही पुष्कळ होते. कथेतले मास्तर मात्र कोणाच्याच डोळ्यांत खुपत नाहीत. सरपंचसुद्धा पाया पडतो.

आणखी एक गोष्ट मला खटकते. धुळ्याकडचा नायक पुस्तकी मराठी बोलतो आणि अहिराणी फक्त म्हातारीच्या नाहीतर गावगुंडाच्या तोंडी असते. म्हणजे चांगला माणूस घरची बोली बोलतच नाही की काय? पुढच्या खर्ड्यात त्याला एकदा तरी चिडून 'तुले काय करनं शे?' म्हणू द्या. तेही व्यापाऱ्याला नको, बायकोला, आणि तिचा प्रश्न रास्त असताना.