हिवाळ्यातलं पॅरिस: आधी चॅपल, मग बिस्त्रो
डिसेंबर-जानेवारीत पॅरिसला गेलात तर दिवस उजेडावर बेता. पाचच्या सुमारास अंधारतं. सकाळी ऊन पडलं की आधी सँत-शापेल गाठा. १२४८ सालच्या या चॅपलच्या वरच्या मजल्यावर १५ उंचच उंच रंगीत काचेच्या खिडक्या आहेत. ढगाळ हवेत त्या निम्म्याही खुलत नाहीत. आवार न्यायालयाचं, बॅगा तपासतात, तेव्हा छोटी कात्रीसुद्धा हॉटेलवरच ठेवा.

जेवायला बाराच्या ठोक्याला बसा. दोन-अडीचनंतर बऱ्याच बिस्त्रोंचं, म्हणजे छोट्या खानावळींचं, स्वयंपाकघर बंद होतं. फळ्यावर खडूने लिहिलेला आजचा पदार्थ मागवा, गरम आणि बहुधा स्वस्त. ‘काराफ दो’ म्हणा, नळाचं पाणी फुकट येतं. नुसतं पाणी मागितलं तर बाटली येऊ शकते, आणि ती बिलात दिसते! नोत्र-दाम हे मोठं चर्च चॅपलपासून चालत पाच-सात मिनिटांवर, प्रवेश मोफत, ते जेवणानंतर.