स्वार्थ, त्याग आणि ट्युटोरियलवरची लाल रेघ

यंदा एमएला आलेल्या दोघातिघांनी विचारलं, वैचारिक कादंबरीवर ट्युटोरियल कसं लिहायचं, म्हणून हे. आधी सांगतो, पहिल्याला मी सपशेल माती खाल्लेली. विषय स्वार्थ आणि त्याग. कोल्हापुरात राहून खांडेकर नाही घ्यायचे तर कोण, म्हणून १९५९ ची 'ययाति' घेतली आणि पाच पानं ठोकली, बाप स्वार्थी, पोरगा पुरू त्यागी, विषय संपला. सरांनी मार्क दिलेच नाहीत, पुरूच्या नावाखाली लाल रेघ आणि शेजारी एवढंच, 'याला काय पाहिजे होतं?'

डोकंच फिरलं राव. परत वाचायला बसलो तर ध्यानात आलं की ययाती, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू 'मी' म्हणून सांगतात, पण ज्यानं म्हाताऱ्या झालेल्या बापाला आपलं तारुण्य दिलं त्या पुरूला तसं बोलायला मिळतच नाही! मूळ महाभारतात बघा, ययाती पाच पोरांकडं तारुण्य मागतो, चौघं नाही म्हणतात, त्यांना शाप मिळतो, धाकटा पुरू हो म्हणतो आणि शेवटी राज्य त्यालाच. आता हा त्याग, भीती का हिशोब, तुम्हीच ठरवा.

दुसरा घोळ अमेरिकन लेखिका आयन रँडचा. तिची कादंबरी 'द फाउंटनहेड' (१९४३) वाचलेला प्रत्येक जण महिनाभर तिचा नायक, कुणापुढं न झुकणारा आर्किटेक्ट हॉवर्ड रोआर्क होऊन फिरतो, आमच्या रूमवर तर एकानं चहाचे पैसेपण वेगळे काढायला सुरुवात केली. पण अभ्यासाला खरा माणूस त्याच कादंबरीतला पीटर कीटिंग. त्याला व्हायचं होतं चित्रकार, आईपायी आर्किटेक्ट झाला, जिच्यावर जीव होता तिला सोडून करिअरला शोभेल असं लग्न केलं. आपण त्याला पक्का स्वार्थी म्हणू, रँडच्या हिशोबानं त्याच्याकडं 'स्व'च नाही, तो दुसऱ्यांच्या नजरेवर जगतो. म्हणून 'स्वार्थ' शब्द कुठल्या अर्थानं वापरताय ते पहिल्याच पानावर लिहा, नाहीतर तिचा स्वार्थ, म्हणजे स्वतःच्या मतानं जगणं, आणि आपल्याकडचा आपमतलबीपणा यांची खिचडी होते.

आणि गुळाच्या सौद्यात काट्यावर नजर ठेवतात तशी लेखकाच्या हातावर ठेवा. परोपकाराचा उपदेश रँड देते कुणाच्या तोंडी, तर कादंबरीतल्या सत्तेला हपापलेल्या खलनायकाच्या, टूहीच्या, म्हणजे पारडं आधीच झुकलं की. मला ती इथंच खटकते, वाद घालायचा तर समोरचा पैलवान तरी तगडा पाहिजे.

दुसऱ्या ट्युटोरियलात मी २०१९ च्या महापुराचं लिहिलं. छावणीसाठी दिवसभर भाकरी-चटणीची पाकिटं बांधली, पण पहिलं पाकीट हातात धरून आधी फोटो काढून स्टेटसला टाकला. भाकरी पोचलीच, पण मग मी कुठल्या पारड्यात? यावेळी मार्क बरे आले. खाली लाल पेनानं एकच ओळ, 'तो फोटो अजून ठेवलाय?'

ठेवलाय.