फ्लाइट डिस्पॅचर व्हायचंय? कॉलेजात असतानाच या चुका टाळा

गोव्यात मोपाचं विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला प्रवाशांसाठी सुरू झालं आणि पेडणे, म्हापसा, डिचोलीच्या मुलांकडून मला एक प्रश्न वारंवार येऊ लागला, ''दादा, डिस्पॅचरचा कोर्स करू का?'' करा. काम सुंदर आहे आणि जबाबदारीचंही. विमान सुटण्याआधी मार्ग, हवामान, नोटॅम (विमानतळ आणि मार्गाबद्दलच्या वैमानिकांसाठीच्या सूचना), इंधन, वजन आणि पर्यायी विमानतळ तपासून फ्लाइट प्लॅन तयार करायचा आणि विमान उतरेपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवायचं. अमेरिकेत देशांतर्गत वेळापत्रकी विमानसेवेत तर उड्डाणाच्या नियोजनाची जबाबदारी कॅप्टन आणि डिस्पॅचर या दोघांची मिळून असते. पण कोर्सचे पैसे भरण्याआधी एक गोष्ट ठरवा: तुम्ही कोणत्या देशाच्या नियमांखाली काम करणार आहात? बहुतेक चुकांचं मूळ मला तिथेच सापडलं आहे.

पहिली फसगत शब्दाचीच होते. युरोपात बऱ्याच ठिकाणी विमानाजवळ उभं राहून सामान, प्रवासी आणि इंधन वेळेत होतंय ना हे पाहणाऱ्यालाही डिस्पॅचर म्हणतात. आपल्याकडे काही जाहिरातींत ग्राउंड स्टाफचा डिप्लोमा याच नावाने विकला जातो. ते कामही चांगलं आहे, पण वेगळं आहे. संस्थेला सरळ विचारा: हवामानशास्त्र किती तास, विमानाची कामगिरी आणि इंधनाचं गणित कोण शिकवणार, हाताने फ्लाइट प्लॅन किती करून घेणार? अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाची मान्यता असलेला कोर्स किमान २०० तासांचा असतो. कोणी पंधरा दिवसांत, तेही फक्त शनिवार-रविवारी, डिस्पॅचर करून देतो म्हणत असेल तर घरी परत या.

दुसरी चूक लायसन्सची. मुलं धरून चालतात की ड्रायव्हिंग लायसन्ससारखं आपण परीक्षा दिली की आपला विमान वाहतूक नियामक डीजीसीए कार्ड देईल. भारतात डिस्पॅचरची मान्यता विमान कंपनीमार्फत मिळते. आधी कंपनीत नोकरी, मग तिचं प्रशिक्षण, अनुभवी माणसाच्या हाताखाली काम आणि ठरावीक विमान प्रकारावरची परीक्षा. म्हणून इथे राहायचं असेल तर कॉलेज सोडू नका. पदवी पूर्ण करा, गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं करा. अमेरिकेचं प्रमाणपत्र ज्ञान म्हणून उपयोगी पडतं, पण तेवढ्यावर इथल्या विमानाच्या प्लॅनवर तुम्हाला सही करता येत नाही.

अमेरिकेचा मार्ग घ्यायचा असेल तर वयाचा हिशेब आधी मांडा. एफएएची लेखी परीक्षा २१ वर्षं पूर्ण झाल्यावरच देता येते आणि प्रमाणपत्र २३ व्या वर्षी मिळतं. लेखीचा निकाल २४ महिने चालतो. शिवाय कोर्स पूर्ण केल्याचं पत्र ९० दिवसांपुरतंच असतं. तेवढ्यात प्रात्यक्षिक परीक्षेकडे वळला नाहीत तर पुन्हा उजळणी करून ते नव्याने घ्यावं लागतं. मे महिन्याच्या सुट्टीत कोर्स उरकून परत सेमिस्टरमध्ये बुडालेली मुलं इथेच अडकतात. एस.वाय.ला असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला माझा सल्ला: आत्ता फी भरू नकोस, हवामान शीक.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण तिने माझे सहा महिने खाल्ले. मी अमेरिकन प्रश्नसंच आणि भारतातल्या नोट्स एकाच वहीत लिहीत होतो. अमेरिकेच्या देशांतर्गत उड्डाणाला राखीव इंधन ४५ मिनिटांचं, नेहमीच्या क्रूझच्या खपाने. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकावच्या नियमांत जेट विमानाचं अंतिम राखीव इंधन ३० मिनिटांचं, विमानतळापासून १,५०० फूट उंचीवर घिरट्या घालण्याच्या वेगाने. मी आकडा एकाचा आणि अट दुसऱ्याची लिहिली. एककांचंही तेच झालं. तिथे दृश्यमानता मैलांत आणि हवेचा दाब पाऱ्याच्या इंचांत, इथे मीटर आणि हेक्टोपास्कल. किलो आणि पौंड यांच्यात २.२ पटीचा फरक आहे. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ याच गोंधळात गरजेच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन उडालं आणि दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर तरंगत उतरवावं लागलं. सगळे वाचले. दोन वह्या ठेवा, आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा, अगदी रफ कामातसुद्धा.

वेळेत चूक होत असेल तर तारीख तपासा. हवामानाचे अहवाल यूटीसीत, म्हणजे जगभर धरल्या जाणाऱ्या एकाच प्रमाणवेळेत, असतात आणि आपण साडेपाच तास पुढे. ०५३० यूटीसी म्हणजे आपले सकाळचे अकरा, हे सगळ्यांना येतं. पण १६ तारीख लागल्यावर रात्री एकचं विमान यूटीसीत १५ तारखेचं १९३० असतं, आणि तिथे हुशार मुलंही चुकीच्या दिवसाचं टॅफ, म्हणजे विमानतळाच्या हवामानाचा अंदाज, उघडतात.

पर्यायी विमानतळाचा प्रश्न गोव्याच्या मुलांनी तरी चुकवू नये. गोव्याच्या दुसऱ्या विमानतळासाठी, दाबोळीसाठी, मोपा निवडलं की उत्तर झालं असं वाटतं. दोन्हींमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण ४० किलोमीटर आहे. जुलैत समुद्रावरून आलेला एकच पावसाचा पट्टा दोन्हींना झाकू शकतो. इंधन कमी लागतं म्हणून जवळचं निवडलं आणि तिथेही ढगांचा तळ खाली आला, तर पुढे काय? दोन्हींचे अंदाज शेजारी ठेवून वाचा, आणि 'टेम्पो' लिहिलेली ओळ थोड्या वेळाचीच म्हणून ओलांडू नका. विमान नेमकं त्याच थोड्या वेळात येऊ शकतं. दाबोळी नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे, त्यामुळे हवामान निरभ्र असलं तरी नोटॅम वाचल्याशिवाय धावपट्टी मोकळी धरू नका.

लेखीत पास आणि तोंडीत नापास, ही तक्रार मी खूप ऐकतो. एफएएच्या लेखीत ८० प्रश्न, तीन तास, ७० टक्क्यांना पास. प्रश्नसंच पाठ करून ते जमतं. तोंडी परीक्षेत परीक्षक ''का?'' विचारतो. विषय मराठीत समजून घ्या, हरकत नाही, मी तसाच शिकलो. पण रोज एक प्लॅन मित्रासमोर इंग्रजीत मोठ्याने समजावून सांगा. मित्राला विमानातलं काही कळत नसेल तर जास्त चांगलं, तो खरे प्रश्न विचारेल.

पाऊस सुरू झाला की आणखी एक करा. सकाळी कदंब बसमध्ये बसल्यावर दाबोळी आणि मोपा दोन्हींचं टॅफ वहीत उतरवा आणि दुपारी तीनला काय असेल ते स्वतःच्या शब्दांत लिहा. तीन वाजता मेटार, म्हणजे प्रत्यक्ष हवामानाचा अहवाल, त्याच पानावर खाली लिहा. चवथीच्या सुट्टीपर्यंत वहीत शंभरेक नोंदी होतील. मुलाखतीला जाताना ती वही बरोबर न्या.