डिझेल फिल्टर बसला म्हणजे जमला असं नाही: ट्रकमालकांनो, या चुका टाळा

खंबाटकीचा घाट तेव्हा पुण्याहून येताना चढावा लागायचा, साताऱ्याकडून जाताना बोगदा होता. त्यामुळे आमच्या दहाचाकीचं दुखणं नेहमी परतीच्या फेरीत बाहेर यायचं. कराडहून पुण्याला जाताना ड्रायव्हर काही बोलायचा नाही. येताना मात्र सातारा जिल्ह्यातलं खंडाळा मागे पडलं की त्याचा फोन, "दादा, गाडी दम टाकतीय."

आम्ही टर्बोचे पाइप बघितले, एअर फिल्टर बदलला, शेवटी इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून सांगलीला तपासायला दिले. सहापैकी दोन झिजलेले निघाले. मिस्त्रींनी ते परत देताना विचारलं, "डिझेल फिल्टर कुठला घालता?" मी म्हणालो, आत्ताच काढलाय, अगदी स्वच्छ होता. ते म्हणाले, "मग तो कापून बघा."

घरी येऊन करवतीनं पत्रा कापला. इतक्या हजार किलोमीटरनंतरही आतला कागद जवळजवळ पांढरा होता, कारण डिझेल कागदातून गेलंच नव्हतं. खालची टोपी आणि कागद यांच्यामधला गोंद एका बाजूला सुटलेला होता आणि तिथल्या फटीत नख सहज जात होतं. डिझेल कचऱ्यासकट त्या फटीतून थेट नोझलला डिझेल देणाऱ्या पंपाकडे जात होतं. मूळ फिल्टरपेक्षा काही रुपये कमी म्हणून मीच तो आणला होता. तेव्हापासून काढलेला प्रत्येक फिल्टर मी कापून बघतो, आणि त्यातून जे शिकलो ते इथे लिहितो आहे.

आटा जुळला की घ्यायचा

सगळ्यात जास्त होणारी चूक ही. दुकानात जुना फिल्टर दाखवायचा, दुकानदार मापाला माप लावून तसाच दुसरा देतो, तो गच्च बसतो आणि आपण निघतो. पण एकाच आट्याचे (म्हणजे फिरवून बसवायच्या चुड्यांचे), एकाच उंचीचे दोन फिल्टर आतून पार वेगळे असू शकतात. एकात पाणी वेगळं करणारा थर असतो, दुसऱ्यात नसतो. एकाचा कागद जाड कण अडवणारा, म्हणजे टाकीकडून येणाऱ्या पहिल्या फिल्टरचा, तर दुसऱ्याचा पंपाच्या तोंडचा बारीक. दोन फिल्टरच्या गाडीत यांची अदलाबदल झाली, तर बारीक फिल्टर आठवड्यात चोक होतो आणि जाडा फिल्टर पंपाला कचरा पाजतो.

दुसरं असं की तुमचा जुना फिल्टर बरोबरच होता, याची खात्री काय? सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकानं चुकीचा नंबर लावलेला असू शकतो आणि आपण तीच चूक पुढे चालवतो. पार्ट नंबर गाडीच्या पुस्तकातून काढा किंवा चेसिस नंबर देऊन कंपनीच्या पार्ट काउंटरवर विचारा. एकाच मॉडेलच्या बीएस-४ आणि बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी नियम) गाडीचे फिल्टर वेगळे असू शकतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, त्या सुमाराची गाडी असेल तर ती नक्की कुठली आहे ते आरसीवर बघून घ्या.

एकदा ऑइल फिल्टर डिझेलच्या जागी चढवलेलाही मी पाहिला आहे. आटा जुळत होता म्हणे. ऑइल फिल्टरमध्ये बायपास व्हॉल्व्ह असतो, म्हणजे फिल्टर चोक झाला तर ऑइल न गाळता पुढे सोडणारी झडप, कारण इंजिनला ऑइल न मिळण्यापेक्षा गाळलेलं नसलेलं ऑइल परवडतं. डिझेलचं उलट आहे. तिथे न गाळलेला थेंबही पुढे जाता कामा नये, म्हणून डिझेल फिल्टरला सहसा बायपास नसतो. तो चोक झाला तर गाडी बंद पडेल, पण पंप वाचेल.

नुसता मायक्रॉनचा आकडा बघून फसणं

"हा पाच मायक्रॉनचा आहे" असं दुकानदार सांगतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याच्यापुढचा प्रश्न आपण विचारत नाही: पाच मायक्रॉनचे किती कण अडवतो? हजार कणांपैकी पाचशे अडवणाराही पाच मायक्रॉनचा म्हणून विकता येतो आणि ९९५ अडवणाराही. पहिल्याची कार्यक्षमता ५० टक्के, दुसऱ्याची ९९.५ टक्के. चांगल्या कंपन्या आपल्या माहितीपत्रकात हे बीटा आकड्यानं देतात: बीटा २ म्हणजे निम्मे कण पलीकडे जातात, बीटा २०० म्हणजे दोनशेतला एक. डिझेल फिल्टरची ही चाचणी आयएसओ १९४३८ या मानकाप्रमाणे होते आणि पाणी वेगळं करण्याची आयएसओ १६३३२ प्रमाणे. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात यातलं काहीच नसेल आणि फक्त "हाय क्वालिटी" छापलेलं असेल, तर मी तो ठेवून देतो.

एवढ्या बारकाव्यात का शिरायचं, ते प्रेशरवरून कळतं. जुन्या पंपाच्या गाडीत नोझल साधारण दोनशे-अडीचशे बारला (बार हे दाबाचं माप) उघडायचा. नव्या गाड्यांच्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या एकाच दाबाच्या नळीत, प्रेशर १,६०० ते २,००० बारच्या घरात जातं आणि आतल्या भागांमधली जागा असते दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे डोळ्याला जो कचरा कधीच दिसणार नाही, तोच नोझल खातो. जुन्या गाडीत चालून गेलेला लोकल फिल्टर नव्या गाडीत चालत नाही, तो यामुळे.

डुप्लिकेट ओळखताना

नुसत्या खोक्यावर विश्वास नको, खोकं छापणं सोपं आहे. होलोग्राम किंवा स्क्रॅच करायचा कोड असेल तर तो दुकानातच मोबाइलवर तपासा. बॅच नंबर आणि पॅकिंगचा महिना खोक्यावर आणि फिल्टरच्या पत्र्यावर, दोन्हीकडे बघा. मग टॉर्च घेऊन भोकांतून आत बघा. घड्या एकसारख्या अंतरावर हव्यात, कुठे गोळा झालेल्या किंवा विरळ नकोत. आट्यावर लोखंडाचे बारीक तुकडे बोटाला लागले तर तो घेऊ नका, ते तुकडे पहिल्यांदा तुमच्याच पंपात जाणार. वायसर, म्हणजे तोंडाची रबरी चकती, बोटानं दाबून बघा, कडक किंवा चिरलेला नको.

आणि पक्कं बिल घ्या. बिल द्यायला कां-कू करणाऱ्याकडून मी गाडीचा दिवासुद्धा घेत नाही.

चांगला फिल्टर, वाईट बसवणूक

घेतलेला चांगला माल इथे वाया जातो. नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलनं भरून लावायची आपल्याकडे पद्धत आहे, म्हणजे पाइपात अडकलेली हवा, एअर, लवकर निघते. भरताना मधल्या मोठ्या भोकातून ओततात. पण मधलं भोक ही गाळून झालेल्या डिझेलची बाजू आहे. तिथे ओतलेलं कॅनमधलं डिझेल कुठल्याही कागदातून न जाता सरळ पंपात उतरतं. कॉमन रेलच्या गाडीला फिल्टर कोरडाच लावा आणि हँड प्रायमर (डिझेल ओढायचा हातपंप) मारून भरून घ्या. दहा मिनिटं जास्त लागतात, लागू द्या.

जुना वायसर हेडला (फिल्टर जिथे बसतो त्या भागाला) चिकटून राहिला नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन वायसर एकावर एक बसले की जोड गळतो. फिल्टर पंपाच्या ओढीच्या बाजूला असेल तर गंमत अशी की बाहेर डिझेल टिपकत नाही, उलट आत हवा ओढली जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि सकाळी गाडी सेल्फ खात राहते, म्हणजे स्टार्टर मारूनही लवकर सुरू होत नाही. नव्या वायसरला स्वच्छ डिझेलचं बोट लावा, टेकेपर्यंत हातानं फिरवा, आणि मग फिल्टरवर लिहिलं असेल तेवढंच आवळा, बहुतेकांवर अर्धा ते पाऊण फेरा असतो. पान्यानं पिळू नका.

कॉमन रेलच्या गाडीची एअर काढायला इंजिन चालू असताना रेलचे किंवा नोझलचे पाइप ढिले करू नका, हे हात जोडून सांगतो. जुन्या गाडीवर शिकलेले मिस्त्री सवयीनं करतात. त्या प्रेशरची धार कातडीतून आत घुसते आणि हात कापायची वेळ येऊ शकते.

पाणी, आणि उसाचा हंगाम

गळीत हंगामात आपल्या गाड्या कारखान्याच्या यार्डात रात्र-रात्र, कधी जास्तही, उभ्या असतात. टाकी अर्धी, रात्री थंडी, दिवसा ऊन. टाकीतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर थेंब धरतो आणि खाली बसतो. त्यात शेतावर बॅरलमधून, कॅनमधून भरलेलं डिझेल. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे जिवाणू वाढतात आणि त्यांचा काळा, बुळबुळीत थर फिल्टरवर चढतो.

वॉटर सेपरेटरचा, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या भांड्याचा, नळ सकाळी सेल्फ मारण्याआधी उघडा, कारण रात्रभर उभ्या गाडीत पाणी तळाला गेलेलं असतं. इंजिन फिरलं की ते परत ढवळतं. निघालेलं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन दहा मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर दिसला की पाणी. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागेपर्यंत थांबू नका.

दुखण्यावरून कारण

सपाटीला ठीक आणि घाटात दम टाकते, तर चोक फिल्टरचा संशय आधी घ्या. पूर्ण लोडवर डिझेल सगळ्यात जास्त लागतं, तेव्हाच अडथळा जाणवतो. फिल्टर बदलल्यावर सकाळी सुरू व्हायला त्रास, तर वायसर आणि जोड बघा. ओढीच्या पाइपात पारदर्शक नळीचा तुकडा घातला तर बुडबुडे दिसतात. नवा फिल्टर चार-सहा दिवसांत भरला, तर फिल्टरवाल्याला दोष देऊ नका, टाकी उतरवून धुवा आणि पुढे डिझेल कुठे भरता ते बदला.

यातलं पुष्कळसं फिल्टर कापल्यावर समजतं. काळा चिकट थर म्हणजे जिवाणू. तांबूस गाळ म्हणजे टाकीचा गंज, पाणी आहेच. कागद पांढरा म्हणजे आमच्यासारखी फट. आणि घड्यांत चांदीसारखी चमकणारी पूड दिसली तर नवा फिल्टर लावून गाडी फेरीला पाठवू नका. बहुधा पंप आतून झिजतो आहे आणि ती पूड रिटर्न लाइनमधून टाकीत, टाकीतून पुन्हा पंपात फिरते आहे. तशीच चालवली तर पंपाबरोबर रेल आणि सगळे नोझल जातील. गाडी तिथेच थांबवा आणि कापलेला फिल्टर पिशवीत घालून पंपाच्या मिस्त्रींना दाखवा.